ॲपमधला डेटा संगणकावर उतरवून घेताना

फोनचा बॅकअप घेतला आहे का, असे कोणालाही विचारले की बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असेच येते, आणि थोडे खोलात शिरले की त्या ‘हो’चा अर्थ छायाचित्रे कुठेतरी जाऊन पोहोचली आहेत एवढाच निघतो. छायाचित्रे, व्हिडिओ आणि डाउनलोड केलेल्या फाइल्स हा फोनचा उघडा भाग आहे. केबल जोडली की तो संगणकावर दिसतो आणि उचलून ठेवता येतो. परंतु रोजचा खर्च, रक्तदाबाच्या नोंदी, दैनंदिनी, टिपणे, वर्षानुवर्षांची संभाषणे, चालण्याच्या वाटांचे नकाशे हे सगळे वेगवेगळ्या ॲप्सच्या पोटात असते आणि ते केबल जोडून दिसत नाही. माझे मत आधीच सांगतो. एका बटणावर अख्ख्या फोनची प्रत संगणकावर उतरेल या भरवशावर राहू नये. ज्या ॲप्समध्ये आपले स्वतःचे लिखाण किंवा नोंदी आहेत, त्या प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करावा, त्या ॲपनेच दिलेल्या वाटेने डेटा बाहेर काढावा, आणि तो पुन्हा उघडतो हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नये.

हा डेटा सहज हाती का लागत नाही, याचे कारण समजून घेतले की पुढची बरीच चिडचिड वाचते. अँड्रॉइडचा पाया लिनक्स या संगणक-प्रणालीचा आहे, आणि एकाच यंत्रावर अनेक वापरकर्ते असले तरी एकाने दुसऱ्याच्या फाइल्स वाचू नयेत ही व्यवस्था लिनक्समध्ये मुळापासून आहे. अँड्रॉइडने तीच व्यवस्था ॲप्सना लावली. फोनवर ॲप बसले की त्याला स्वतंत्र वापरकर्ता क्रमांक मिळतो आणि त्याच्या नावाचा एक खासगी फोल्डर तयार होतो, ज्यात बहुधा एसक्यूलाइट प्रकारच्या डेटाबेस फाइल्स, सेटिंग्जच्या छोट्या फाइल्स आणि तात्पुरता कॅशे असतो. दुसरे ॲप तिथे डोकावू शकत नाही, फाइल मॅनेजर तिथवर पोहोचत नाही, आणि केबलने जोडलेल्या संगणकालाही तो फोल्डर दिसत नाही. आयफोनमध्येही प्रत्येक ॲप असेच आपापल्या हद्दीत राहते. टॉर्चच्या एखाद्या फुकट ॲपला आपल्या बँकेच्या ॲपमधले काही वाचता येत नाही ते याच बंदोबस्तामुळे, म्हणून बॅकअपच्या वेळी होणारा त्रास मला रास्त वाटतो.

इथे अनेकांची एक फसगत होते. फोन संगणकाला जोडल्यावर ‘अँड्रॉइड’ नावाचा फोल्डर दिसतो, त्यात ‘डेटा’ नावाचा उपफोल्डर असतो आणि त्यात ॲप्सच्या नावांची रांगच्या रांग असते. तो फोल्डर संगणकावर कॉपी केला की सगळ्या ॲप्सचा डेटा आला, असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तो सामायिक साठ्यातील भाग आहे. खेळांच्या मोठ्या फाइल्स, ऑफलाइन नकाशे, डाउनलोड केलेली गाणी असा जड पण पुन्हा मिळवता येण्याजोगा माल तिथे असतो. नोंदींचा मूळ डेटाबेस ज्या खासगी फोल्डरमध्ये असतो, तो याहून वेगळा आणि आत बंद आहे.

तो बंद दरवाजा उघडण्याचा जुना मार्ग म्हणजे फोन रूट करणे, म्हणजे त्याच्या प्रणालीचा पूर्ण ताबा आपल्याकडे घेणे. पण रूट करण्यासाठी बहुतेक फोनचा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्रॅम, आधी अनलॉक करावा लागतो, आणि अनलॉक करताना फोनमधील सगळा डेटा पुसला जातो. म्हणजे आज फोनमध्ये असलेला डेटा वाचवायला निघालेल्या माणसाला ही वाट उपयोगाचीच नाही. शिवाय बँकांची अनेक ॲप्स रूट केलेल्या फोनवर चालण्यास नकार देतात. ज्यांचा फोन आधीपासून रूट केलेला आहे, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एसक्यूलाइटचा डेटाबेस उचलताना त्याच नावाची, शेवटी ‘वॉल’ लागलेली फाइल शेजारी असेल तर तीही बरोबर घ्यावी, कारण अगदी ताज्या नोंदी कित्येकदा मुख्य फाइलमध्ये उतरण्यापूर्वी त्या फाइलमध्ये थांबलेल्या असतात. आणि कॉपी करण्यापूर्वी ते ॲप सक्तीने बंद करावे.

रूट न करता संगणकावर ॲपचा डेटा आणण्याची एक अधिकृत सोय अँड्रॉइडमध्ये होती. २०११ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.० पासून, फोनवरील डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन यूएसबी डिबगिंग सुरू केले आणि संगणकावरून फोनला आज्ञा देणारे एडीबी हे साधन बसवले की एका आज्ञेत ॲप्सचा डेटा एकाच मोठ्या फाइलमध्ये संगणकावर उतरत असे. इंटरनेटवरील जुने मार्गदर्शक लेख अजूनही हीच पद्धत सांगतात, म्हणून तिच्याविषयी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. कोणत्या ॲपचा डेटा द्यायचा हे त्या ॲपच्या निर्मात्याच्या हाती पहिल्यापासूनच होते. त्याने बॅकअपला मनाई केली असेल तर आज्ञा निमूटपणे पूर्ण होते आणि त्या ॲपचे काहीही फाइलमध्ये येत नाही. पुढे अँड्रॉइड १२ पासून नियम आणखी कडक झाला. त्या किंवा त्यापुढच्या आवृत्तीसाठी तयार केलेल्या ॲप्सचा डेटा या मार्गाने येतच नाही; अपवाद फक्त निर्मात्यांच्या चाचणीसाठी असलेल्या प्रतींचा. आज ही आज्ञा दिली तर संगणकावर फाइल तयार होते, कुठलाही इशारा डोळ्यांत भरत नाही, आणि जे हवे तेच तिच्यात नसते. बॅकअप घेतला नाही हे माहीत असलेला माणूस निदान सावध तरी असतो. घेतला आहे अशा समजुतीत राहिलेल्या माणसाचे नुकसान त्याहून मोठे होते.

गूगलच्या खात्यात आपोआप जाणारा बॅकअप हा २०१५ च्या अँड्रॉइड ६.० पासूनचा पर्याय आहे आणि तो अवश्य चालू ठेवावा. मात्र त्यात प्रत्येक ॲपला २५ एमबीची मर्यादा आहे, निर्माता आपल्या ॲपला त्यातूनही वगळू शकतो, आणि तो डेटा आपल्याला संगणकावर फाइल म्हणून उतरवून घेता येत नाही. नवा फोन सुरू करताना किंवा ॲप पुन्हा बसवतानाच तो परत मिळतो. फोन कंपन्यांची स्वतःची साधनेही आहेत. सॅमसंगचे स्मार्ट स्विच विंडोज आणि मॅक या दोन्हींवर चालते आणि संपर्क, संदेश, सेटिंग्ज यांची प्रत व्यवस्थित घेते. अशा साधनांनी घेतलेली प्रत बहुधा त्याच कंपनीच्या फोनवर परत बसते, हे मनात ठेवून ती घ्यावी.

आयफोनची स्थिती या बाबतीत बरीच चांगली आहे. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना या आवृत्तीपासून फाइंडरमधून आणि विंडोजवर आयट्यून्स किंवा ॲपल डिव्हाइसेस या प्रोग्रॅममधून संपूर्ण फोनचा बॅकअप संगणकावर घेता येतो, आणि त्यात बहुतेक ॲप्सचा डेटा खरोखर येतो. प्रत्यक्ष ॲप्स त्यात नसतात. ती परत बसवताना ॲप स्टोअरवरून पुन्हा डाउनलोड होतात. त्यामुळे स्टोअरमधून काढून टाकलेल्या एखाद्या जुन्या ॲपचा डेटा हाती असूनही तो उघडायला ॲपच मिळू नये, असे होऊ शकते. बॅकअप घेताना ‘एन्क्रिप्ट लोकल बॅकअप’ या चौकटीवर खूण करावी, असा माझा आग्रह आहे. खूण नसेल तर जतन केलेले पासवर्ड, वाय-फायच्या सेटिंग्ज, आरोग्याच्या नोंदी आणि कॉलचा इतिहास बॅकअपमध्ये येत नाही. खूण केली की हे सगळे येते आणि पूर्ण बॅकअप कूटबद्धही होतो, म्हणजे पासवर्डशिवाय तो कोणाला वाचता येत नाही. तो पासवर्ड मात्र हरवला तर तो बॅकअप कायमचा बंद. ॲपलकडेही त्याचा उपाय नाही. फोनच्या सगळ्या सेटिंग्ज रीसेट करून नव्या पासवर्डने नवा बॅकअप घेणे तेवढे शक्य असते.

या बॅकअपचा फोल्डर एकदा कुतूहल म्हणून उघडून पाहावा. आत दोन-दोन अक्षरांच्या नावांचे शेकडो उपफोल्डर असतात, त्यांत चाळीस अक्षरी, अर्थहीन दिसणाऱ्या नावांच्या हजारो फाइल्स असतात, आणि कोणती फाइल कोणत्या ॲपची हे ‘मॅनिफेस्ट’ नावाच्या एका डेटाबेसमध्ये नोंदलेले असते. त्यातली एखादी फाइल नावावरून काही कळत नाही म्हणून पुसली किंवा हलवली, तर सगळा बॅकअप परत बसताना अडू शकतो. जागा वाचवण्यासाठी त्या फोल्डरमध्ये हाताने साफसफाई करू नये. महत्त्वाच्या टप्प्यावरची प्रत, उदाहरणार्थ फोन बदलण्याआधीची, फाइंडरमधील ‘मॅनेज बॅकअप्स’मध्ये जाऊन अर्काइव्ह करून ठेवावी, म्हणजे पुढचा बॅकअप तिच्यावर चढत नाही. आणखी दोन बारकावे आहेत. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर ती छायाचित्रे संगणकावरच्या बॅकअपमध्ये येत नाहीत, कारण ती आधीच आयक्लाउडमध्ये आहेत असे धरले जाते. संदेश आयक्लाउडमध्ये ठेवले असतील तर त्यांचेही तसेच. आणि नव्या आयओएसवर (आयफोनच्या प्रणालीवर) घेतलेला बॅकअप जुन्या आयओएसच्या फोनवर बसत नाही.

आता मी ज्याला खरा बॅकअप मानतो त्याकडे येतो. जवळजवळ प्रत्येक चांगल्या ॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘एक्सपोर्ट’ किंवा ‘बॅकअप’ असा पर्याय असतो, पुष्कळदा दोन-तीन पडद्यांच्या आत दडलेला. संपर्कांसाठी व्हीसीएफ, कॅलेंडरसाठी आयसीएस, हिशेबासाठी सीएसव्ही, पॉडकास्टच्या यादीसाठी ओपीएमएल, चालण्या-धावण्याच्या वाटांसाठी जीपीएक्स अशी ठरलेली स्वरूपे आहेत, आणि ती वाचणारी अनेक ॲप्स व प्रोग्रॅम आहेत. नवे ॲप निवडताना मी आता सर्वांत आधी हाच पर्याय शोधतो, आणि तो नसेल तर ॲप कितीही देखणे असले तरी त्यात माझ्या नोंदी ठेवत नाही. तरीही एक फरक नीट समजून घ्यावा लागतो. काही प्रती माणसाने वाचण्यासाठी असतात आणि काही ॲपमध्ये परत बसवण्यासाठी. पीडीएफ किंवा साधा मजकूर वाचता येतो, पण तो ॲपमध्ये परत जात नाही; ॲपची स्वतःची बॅकअप फाइल परत जाते, पण ते ॲप नसेल तर तिचा उपयोग नसतो. म्हणून शक्य असेल तिथे मी दोन्ही प्रती घेतो.

माझी मावशी कित्येक वर्षे एका ॲपमध्ये दैनंदिनी लिहिते. तिच्या फोनची बॅटरी फुगू लागल्यावर तो डेटा बाहेर काढायला मी तिच्याजवळ बसलो. ॲपने एक झिप फाइल दिली, ती संगणकावर उघडली तर आत छायाचित्रांचा एक फोल्डर आणि जेसन प्रकारची एकच मोठी फाइल होती. ती फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडताच तिच्या मराठी ओळींच्या जागी तिरकी रेघ, रोमन ‘यू’ आणि चार आकडे-अक्षरे अशा गटांची न संपणारी माळ दिसली. “हे सगळं गेलं का रे?” असे तिने विचारले, आणि तिचा चेहरा पाहून मला आधी ते समजावून सांगावे लागले. जेसन फाइल लिहिताना काही ॲप्स देवनागरी अक्षर जसेच्या तसे न लिहिता त्याचा युनिकोड क्रमांक लिहितात. डेटा पूर्ण शाबूत असतो. जेसन वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये किंवा फायरफॉक्ससारख्या ब्राउझरमध्ये ती फाइल उघडली की मजकूर पुन्हा देवनागरीत दिसतो. मावशीचाही दिसला, आणि मग तिने त्यातल्या जुन्या नोंदी वाचत तिथेच ठाण मांडले.

मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांना याचाच दुसरा भाऊ सीएसव्ही फाइलमध्ये भेटतो. ती फाइल एक्सेलमध्ये थेट दोनदा क्लिक करून उघडली की मराठी मजकुराच्या जागी कित्येकदा स्वरचिन्हे लागलेली रोमन अक्षरे आणि विचित्र खुणा दिसतात, कारण फाइल यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत असते आणि एक्सेल ती वेगळ्याच पद्धतीने वाचत असते. अशा वेळी काहीही सेव्ह न करता फाइल बंद करावी. त्या अवस्थेत सेव्ह केली तर आतापर्यंत चांगली असलेली फाइल खरोखर बिघडण्याची भीती असते. नंतर एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून ती फाइल आयात करून यूटीएफ-८ निवडावे, किंवा लिब्रेऑफिसमध्ये उघडावी, जिथे हा प्रश्न सुरुवातीलाच विचारला जातो.

संभाषणांचे ॲप हा वेगळाच प्रांत आहे. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप रोज पहाटे दोनच्या सुमारास फोनमध्येच एक प्रत तयार करते आणि साधारण मागच्या सात दिवसांच्या प्रती ठेवते. नव्या फोनवर त्या ‘अँड्रॉइड’ फोल्डरमधील ‘मीडिया’ या उपफोल्डरात, व्हॉट्सॲपच्या ‘डेटाबेसेस’ फोल्डरमध्ये सापडतात आणि केबलने संगणकावर कॉपी करता येतात. छायाचित्रे आणि ध्वनिसंदेश शेजारच्या ‘मीडिया’ फोल्डरमध्ये असतात, म्हणून मी दोन फोल्डर निवडत बसण्याऐवजी व्हॉट्सॲपचा पूर्ण फोल्डरच उचलतो. डेटाबेसची फाइल कूटबद्ध असते. ती संगणकावर वाचता येत नाही. नव्या फोनवर त्याच जागी ठेवून, त्याच क्रमांकाने व्हॉट्सॲप सुरू करताना ती परत बसवावी लागते. २०२१ पासून बॅकअप पासवर्डने किंवा ६४ अंकी किल्लीने बंद करण्याची सोय आहे. ती वापरत असाल तर ती किल्ली फोनबाहेर लिहून ठेवणे हाही बॅकअपचाच भाग आहे. एखादे विशिष्ट संभाषण जपायचे असेल, गेलेल्या माणसाचे शेवटचे निरोप असतील, तर ‘एक्सपोर्ट चॅट’ने त्याचा मजकूर वेगळा काढावा. तो व्हॉट्सॲपमध्ये परत बसत नाही, पण कुठल्याही ॲपशिवाय वाचता येतो, आणि अशा निरोपांसाठी मला तेच महत्त्वाचे वाटते.

काही ॲप्सचा डेटा कॉपी होऊनही चालत नाही, आणि त्यामागे हेतू असतो. बँकेची व पैसे देण्याची ॲप्स आपल्या किल्ल्या फोनमधील सुरक्षित भागात ठेवतात, जिथून त्या बाहेर काढता येत नाहीत. नव्या फोनवर पुन्हा नोंदणी करणे हाच तिथला मार्ग आहे. दोन टप्प्यांच्या लॉगिनचे कोड देणाऱ्या ॲप्सकडे मात्र वेळीच लक्ष द्यावे. गूगल ऑथेंटिकेटर क्यूआर कोडद्वारे खाती दुसऱ्या फोनवर नेऊ देते आणि २०२३ पासून गूगल खात्यात सिंकही करते. एजिस हे मुक्त ॲप पासवर्डने कूटबद्ध केलेली फाइल देते, जी संगणकावर ठेवता येते. प्रत्येक खात्याचे रिकव्हरी कोड कागदावर छापून ठेवावेत. फोन हरवल्यावर ईमेल उघडायला कोड लागतो आणि कोड हरवलेल्या फोनमध्येच असतो, या अडचणीतून नंतर सुटणे फार कठीण जाते.

कॉपी करण्याची क्रिया साधी असली तरी तिथेही काळजी लागते. अँड्रॉइड फोन आणि संगणक यांच्यात फाइल्स एमटीपी या पद्धतीने जातात, आणि हजारो लहान फाइल्सचा फोल्डर ओढून टाकला की ती मध्येच अडकते किंवा फाइलच्या तारखा बदलतात. म्हणून मी मोठे काम तुकड्यांत करतो, किंवा एडीबीच्या ‘पुल’ या आज्ञेने करतो, जिला तारखा जपायला सांगता येते. काम झाले की यूएसबी डिबगिंग बंद करतो. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर मावत नाही, एक्सफॅट वापरावे. केबल कधीकधी फक्त चार्जिंगची असते, आणि अशी केबल जोडून फोन संगणकावर का दिसत नाही याचा शोध घेण्यात अख्खी दुपार जाऊ शकते.

संगणकावर आलेली प्रत उघडी पडली असेल तर फोनचे सगळे कुलूप व्यर्थ ठरते. संगणकाची डिस्क विंडोजवरील बिटलॉकर किंवा मॅकवरील फाइलव्हॉल्टने कूटबद्ध करावी, नाहीतर व्हेराक्रिप्ट या प्रोग्रॅमने वेगळा बंद साठा तयार करून त्यात या फाइल्स ठेवाव्यात. एक प्रत बाह्य डिस्कवर न्यावी आणि ती डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी, कारण जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमच्या) तडाख्यात संगणकाबरोबरच जाते. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एक हा नियम इथेही लागू पडतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. फोन आणि संगणक यांच्यात फोल्डर सिंक ठेवणे म्हणजे बॅकअप नव्हे, हेही सांगायला हवे; फोनवर चुकून पुसलेली फाइल सिंकमुळे संगणकावरूनही जाते. तारीख घातलेला नवा फोल्डर दर वेळी करावा आणि आधीचे दोन-तीन राहू द्यावेत.

पडताळणीसाठी घरात पडून असलेला एखादा जुना फोन उत्तम. त्यावर तेच ॲप बसवावे, संगणकावरून फाइल न्यावी, ‘इम्पोर्ट’ करावी, आणि सर्वांत जुनी एक नोंद, सर्वांत नवी एक नोंद आणि छायाचित्र जोडलेली एक नोंद उघडून पाहावी. संख्या दाखवणारे ॲप असेल तर दोन्हीकडची संख्या जुळवावी. एजिस किंवा दैनंदिनीसारख्या ॲपसाठी हे दहा मिनिटांचे काम आहे. व्हॉट्सॲपची चाचणी मात्र चालू क्रमांकावर अशी घेऊ नये, कारण दुसऱ्या फोनवर नोंदणी केली की पहिल्या फोनवरची बंद होते. ती फोन खरोखर बदलतानाच होते, आणि म्हणून त्या दिवशी जुना फोन हाताशी असावा लागतो. नव्या फोनवर प्रत्येक महत्त्वाचे ॲप उघडून पाहीपर्यंत जुना फोन रीसेट करू नये, विकू नये, दुकानात बदलीसाठी देऊ नये. क्वचित लागणारी ॲप्स, जसे वर्षातून एकदा उघडले जाणारे कराचे किंवा विम्याचे ॲप, मुद्दाम आठवून तपासावीत, आणि मगच फॅक्टरी रीसेटचे बटण दाबावे.